सुटीचा ठोका

कुसगाव, मंगळवार, १ नोव्हेंबर १९२१

तीन वर्षांनी पुन्हा रोजनिशी उघडली. लढाईवरून परत आल्यापासून खडकीच्या एका कचेरीत मी कागद इकडचे तिकडे करत होतो, आणि त्याची रोजनिशी लिहिण्याइतका मी अजून वेडा झालेलो नाही. आज मात्र लिहिण्याजोगं पुष्कळ आहे.

सकाळच्या गाडीने लोणावळ्याला उतरलो. हवा अशी की छातीभर घ्यावी आणि उरलेली पुण्याला पार्सल करावी. कंपनीची बैलगाडी घ्यायला आली होती. कुसगावाच्या कडेला दोन खोल्यांचं कौलारू घर दिलं आहे. पुढे ओटी, मागे परसू आणि परसातून समोरच डोंगर. त्याच्या पोटातून कंपनी पाण्यासाठी बोगदा खणते आहे. खडक काळा आणि कठीण, पण गेले दोन महिने तो आतल्या आत कडकड वाजतो, मधूनच कपच्या उडवतो. कुठे वाजतो ते कुणालाच सांगता येत नाही. ते सांगायला वासुदेव खांबेटे यांना, म्हणजे मला, सन्मानाने पाचारण केलेलं आहे.

स्वयंपाकाला इथल्याच बयाबाई म्हणून एक बाई आहेत. विधवा, पन्नाशीच्या. मला बघताक्षणी त्यांनी ठरवून टाकलं की या माणसाला आजवर कुणी पोटभर वाढलेलं नाही. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर लसणीची चटणी. फ्रान्सात मी काय काय खाल्लं हे आमच्या मातोश्रींना ठाऊक नाही, तेव्हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न इथे निघणार नाही. बाईंचा एकुलता एक मुलगा नथू बोगद्यात घण मारतो. बावीस वर्षांचा, हसरा, दारात उभा राहिला तर उजेड अडतो. दोघं मागच्या झोपडीत राहतात. एकंदरीत आपलं नशीब उघडलं म्हणायचं.

३ नोव्हेंबर

आज यंत्र लावलं. यंत्र म्हणजे तळहाताएवढ्या दोन लाकडी डब्या, त्यांच्या पोटात पारा. प्रत्येकीतून एक रबरी नळी निघते, एक उजव्या कानाला, एक डाव्या. डब्या जमिनीवर ठेवायच्या आणि ऐकायचं. आवाज उजवीकडचा असेल तर उजव्या कानात मोठा येतो. मग डब्या फिरवत राहायचं. दोन्ही कानांत सारखा झाला की आवाज बरोबर नाकासमोर आहे असं समजायचं आणि होकायंत्रावर दिशा टिपायची. तीन जागांवरून तीन दिशा, नकाशावर तीन रेघा. त्या जिथे एकमेकींना कापतील तिथे खडक फुटतो आहे. फ्रान्सात याच डब्यांनी मी जमिनीखाली खणणारे जर्मन शोधायचो. खडक त्यांच्यापेक्षा बरा, तो उलटून सुरुंग लावत नाही.

ऐकायला तीन खड्डे केले. एक माझ्या परसात, एक बोगद्याच्या तोंडाजवळ, एक डोंगरमाथ्यावर. एरवी घणांच्या गोंगाटात काही कळत नाही. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाळी बदलते तेव्हा अर्धा तास काम थांबतं, तेवढी माझी वेळ. मजुरांनी मला 'कानसाहेब' नाव पाडलं आहे. वाईट नाही. माझे कान हीच माझी इस्टेट, आणि तिची मला थोडी घमेंड आहे हेही इथे लिहून ठेवतो.

५ नोव्हेंबर, शनिवार

आज प्रथमच आत गेलो. नथूच्या अकरा जणांच्या टोळीबरोबर थेट बोगद्याच्या टोकापर्यंत, हजार फूट.

मुकादम चाँदभाई कान्हे गावचे. साठी उलटलेली, दाढी पांढरी, आवाज मऊ. त्यांचे वडीलही घाटातल्या बोगद्यांवर होते आणि एक रिवाज त्यांच्यापासून चालत आला आहे. तोंडाशी, आतल्या बाजूला, खडकात रुळाचा एक तुकडा ठोकून बसवला आहे आणि शेजारी घण. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने रुळावर एक ठोका द्यायचा. सुटीचा ठोका. चाँदभाई बाहेर दगडावर, तोंडाकडे पाठ करून बसतात आणि ठोके मोजतात. आत गेले तितके ठोके पडल्याशिवाय ते उठत नाहीत, मागे वळूनही बघत नाहीत. मी कारण विचारलं. ते म्हणाले की सुरुंगाच्या धुरात माणूस दिसत नाही, आणि डोळा ज्याची वाट बघत असतो तोच आला असं धरून चालतो. कान तसं करत नाही. कानाची बाजू घेणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला. आणखी एक नियम त्यांनी बजावून सांगितला, की ज्याचा ठोका त्यानंच द्यायचा. "ठोका न देता जो भाईर आला, तो आतच हाय असं समजायचं," असं म्हणाले.

आता माझी फजिती. बाहेर पडताना माझ्या पुढचे दणादण ठोके देत होते आणि माझी पाळी आली. हातभर अंतरावर रुळावर घण घातला तर माझे कान दोन दिवस कामातून जातील. मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि तसाच बाहेर पळालो. माझ्या मागे नथू होता, तो नेहमी शेवटी निघतो. त्याने आपला ठोका दिला आणि लगेच लागोपाठ दुसरा. पाठमोऱ्या चाँदभाईंनी "बारा, बराबर" म्हणून बिडी पेटवली. नथूने मला डोळा मारला. साहेबांचाबी देऊन टाकला, असं कानाशी येऊन म्हणाला. मला हसू आलं. हे आमच्या दोघांतच राहिलं.

९ नोव्हेंबर

पहिला विजय. माझ्या तीन रेघा सातशे फुटांवर मिळाल्या होत्या. तिथे लाकडी टेकू लावले, आणि आज दुपारी तिथलंच छत खचून टेकूंवर बसलं. कुणालाही खरचटलं नाही. कंपनीच्या बड्या साहेबांनी हात हातात घेऊन हलवला. बयाबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, तेव्हा मात्र मी संकोचलो.

संध्याकाळी नथू परसात आला. त्याला नळ्या कानाला लावायच्या होत्या. बाई ओटीवर दळत होत्या. जमिनीतून आईचं जातं ऐकून तो आधी खदखदून हसला, मग नळ्या काढीचना. नंतर त्याने विचारलं की तिथून, पार टोकातून, कुणी ठोकलं तर इथे कळेल का? मी म्हटलं, सहाच्या शांततेत नक्की कळेल. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नथू, अरे टाचणी पडली तरी सांगेन.

१४ नोव्हेंबर

तीन दिवस रेघा एकाच जागी मिळताहेत. नऊशे फूट, छताच्या वर. बारीक कटकट, दर दोन-तीन मिनिटांनी. हे मला आवडलेलं नाही. साहेबांना लेखी कळवलं. टेकूंची लाकडं गुरुवारी येतील, तोवर काम थांबवता येणार नाही, असं उत्तर आलं. कळवण्याचं काम माझं होतं, ते मी केलं.

१६ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी तीन वाजता आठशे साठ फुटांपासून पुढचं छत बसलं. पलीकडे अकरा माणसं. गेणू, सोपान, हौशीराम, त्यांची सगळी टोळी. नथू.

लाकडं उद्या यायची होती.

बयाबाई बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बसल्या आहेत. रडत नाहीत. मी जेवून घ्या म्हटलं तर म्हणाल्या की तो आल्यावर दोघं बसू.

१७ नोव्हेंबर

दिवसभर ढिगारा उपसणं चाललं. सहाला उपसणाऱ्यांची पाळी सुटली, रुळावर एकोणीस ठोके पडले. मग शांतता. मी तोंडाजवळच्या खड्ड्यात नळ्या लावून बसलो होतो. आणि आतून उत्तर आलं. खडकावर घण. एक, थांबून दुसरा, तिसरा. प्रत्येकाचा हात निराळा, कुणाचा जड, कुणाचा ओझरता. शेवटचे दोन लागोपाठ.

बारा.

मी ओरडतच धावलो. चाँदभाई उठून उभे राहिले. किती, म्हणून त्यांनी विचारलं. मी बारा म्हणालो आणि त्यांचा चेहरा विझला. "आत अकरा हायेत, साहेब. अकराच हायेत." सगळे जगले असते तर अकरा पडले असते, काही गेले असते तर कमी. जास्त कसे पडतील? त्यांच्या माणसांपैकी कुणी दुसऱ्याचा ठोका देणार नाही. साहेब म्हणाले की बाहेरच्या ठोक्यांनी सैल खडक वाजत असेल. एक जास्त मोजला असेल का, घाईत चुकलं असेल का, असं चाँदभाईंनी मला दोनदा विचारलं. त्यांना मी हो म्हणायला हवं होतं.

मी म्हणालो की माझी मोजणी चुकत नाही.

१८ नोव्हेंबर

सकाळी सहाला डोंगरमाथ्यावर ऐकलं, बारा. संध्याकाळी परसात, बारा. काल-आजच्या तीन रेघा नऊशे ऐंशी फुटांवर मिळतात. टोळी जिथे असायला हवी, बरोबर तिथे. जागा माणसांची आहे आणि मोजणी माणसांची नाही. माझं डोकं चालत नाही.

बयाबाई परसात आल्या, माझ्यासमोर मातीत बसल्या. "माझ्या नथूचा हात तुमी वळखाल का वं?" मी म्हणालो, बाई, तो खडक आहे. त्या म्हणाल्या, "खडक बारा मोजतो व्हय?" मी नळ्या पुन्हा कानाला लावल्या.

१९ नोव्हेंबर

सकाळी ढिगाऱ्यावर पुन्हा दरड आली. उपसणाऱ्यांपैकी दोघांचे पाय मोडले. साहेबांनी मला बोलावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आत कुणी जिवंत असेल तर ते आणखी वीस माणसं पणाला लावतील. नसेल तर मेलेल्यांसाठी जिवंत घालवणार नाहीत. त्यांनी कागद पुढे केला. ऐकू येणारे आवाज माणसांचे नाहीत, असं माझं मत त्यात लिहिलेलं होतं.

मी सही केली. मोडलेल्या पायांच्या किंकाळ्या अजून कानात होत्या. आणि अकरा माणसं बारा ठोके देऊ शकत नाहीत हे खरंच होतं ना?

उपसणं बंद. घरी आलो. ताटात भाकरी वाढून ठेवली होती. बाई माझ्यासाठी रांधायला बोगद्याच्या तोंडापासून उठून आल्या होत्या आणि परत गेल्या होत्या.

२० नोव्हेंबर

सही केली तरी ऐकतो आहे. बंद करवत नाही.

बारा. पण आज बाराही एकाच हाताचे. संथ. मध्ये मध्ये मोठा खंड, घण उचलवत नसल्यासारखा. अकरावा झाला आणि लगेच लागोपाठ बारावा.

खडकाला हात नसतो. एकच जण उरला आहे आणि तो सगळ्यांचे ठोके देतो आहे. पण चाँदभाई म्हणतात, दुसऱ्याचा ठोका कुणी देत नाही. असं कोण करेल—

२१ नोव्हेंबर, सकाळ

झोप आली नाही. ही रोजनिशी पहिल्या पानापासून वाचत बसलो होतो. पाच तारीख. माझ्याच हातचं.

नथूने आपला ठोका दिला आणि लगेच लागोपाठ दुसरा.

देवा. बारावा माझा आहे. मला कळावं म्हणून. पार टोकातून ठोकलं तर कळेल का, त्याने दोनदा विचारलं होतं. जगात एकच माणूस हे ओळखू शकत होता आणि त्याने सही करून दिली की आत कुणी नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सगळं सांगितलं. साहेबांनी माझीच सही मला वाचून दाखवली. चाँदभाईंनी कपाळावर हात मारून घेतला, मग पहार उचलली आणि साहेबांच्या देखत आत चालू लागले. त्यांच्या मागे चौदा जण गेले. मीही.

चाँदभाईंनी मला एक थोबाडीत मारायला हवी होती.

२२ नोव्हेंबर

खणणं चालू आहे. माझ्या हातांची सालं निघाली. लिहिता येत नाही नीट. सहाला सगळ्यांना गप्प केलं आणि ढिगाऱ्यावर दगडाने दोन ठोके दिले. लागोपाठ.

आतून दोन आले.

मी लहान मुलासारखा रडलो. सगळ्यांच्या समोर. चाळीस फूट उरलेत.

२३ नोव्हेंबर

सकाळी मी दोन दिले. बऱ्याच वेळाने दोन आले.

संध्याकाळी मी दोन दिले. एक आला. मग इतका वेळ गेला की चाँदभाईंनी डोळे मिटले. मग दुसरा.

अजून अकरा फूट. नथू, थांब रे. येतोच आहे. अकरा फूट.

२४ नोव्हेंबर

भल्या पहाटे एक आला. त्याच्या जोडीचा आला नाही.

दुपारी वाट पडली. नथू टोकाच्या भिंतीला टेकून बसला होता, घण मांडीवर, मूठ दांड्यावर. बाकीचे दहा जण शेजारी ओळीने निजवलेले, प्रत्येकाच्या तोंडावर ज्याचं त्याचं मुंडासं. डॉक्टर म्हणाले की ते चार-पाच दिवसांपूर्वी गेले. हा आज सकाळी. बगल अजून कोमट होती.

रिवाजाप्रमाणे बाहेर काढताना प्रत्येकासाठी नेणाऱ्याने रुळावर एक ठोका दिला. चाँदभाई पाठ करून बसले होते. नथू शेवटी निघाला. अकरा. आत कुणी नव्हतं, मी स्वतः कंदील फिरवून बघितलं होतं. चाँदभाई उठणार इतक्यात—

आतून. लांबून. एक.

सगळ्यांनी ऐकला. खांदेकरी पळता पळता पडले. चाँदभाई वळले नाहीत. तसेच पाठमोरे मोठ्याने म्हणाले, "आत कोन ऱ्हायलंय?"

मला ठाऊक होतं. पाच तारखेचा माझा ठोका अजून बाकी होता.

२६ नोव्हेंबर

मजूर निघून गेले. शनिवारी, म्हणजे पुढच्या, तोंड दगडांनी बंद करायचं असा हुकूम आहे. काल आणि आज सहाला, परसातून आणि माथ्यावरून, एक ठोका. हलका, चपळ. त्याचाच हात. जागा नऊशे ऐंशी फूट.

बाई पूर्वीसारख्या जेवायला वाढतात. दोन ताटं मांडतात. दुसरं कुणाचं ते मी विचारत नाही.

२७ नोव्हेंबर

सकाळी तोंडापाशी, संध्याकाळी परसात. रेघा सहाशे फुटांवर मिळतात. आणखी वाजला तर आणखी जवळ— पण खडक चालत नाही. मी तीनदा मोजलं.

२८ नोव्हेंबर

रुळाशी.

२९ नोव्हेंबर

रेघा बोगद्याबाहेर मिळतात. ओढ्याच्या अलीकडे, शेताच्या बांधावर. सकाळी बांधावर जाऊन बघितलं. भाताची खुंटं, दव. दुसरं काही नाही. पायाखाली मात्र— परत आलो.

३० नोव्हेंबर

आज डब्या कुठेही फिरवल्या तरी दोन्ही कानांत सारखाच. पूर्वेला सारखा, पश्चिमेला सारखा. याचा अर्थ एकच होतो, तो माझ्या बरोबर खाली आहे.

नळ्या काढल्या. तरी ऐकू आला.

१ डिसेंबर

पळून जावं म्हणून स्टेशनापर्यंत गेलो होतो. फलाटावर, सहाला, बुटांच्या तळव्यांना— परत आलो. जिथे जाईन तिथे माझा ठोका तो देत राहणार. माझ्यासाठी. मेल्यावरही.

बयाबाईंना पाच तारखेचं पान वाचून दाखवलं. सहीचंही. सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटलं विळी उचलतील, उचलली असती तर बरं झालं असतं. त्या उठून मागे गेल्या आणि नथूचा घण घेऊन आल्या.

"त्याचा हात दुखत आसंल वं," म्हणाल्या. "किती दीस झालं. तुमचा ठोका तुमी द्या. माझ्या लेकाला मोकळं करा."

मी हो म्हटलं. या महिन्याभरात मी त्यांना दिलेलं हे एकच खरं उत्तर.

२ डिसेंबर, शुक्रवार

उद्या तोंड बंद होणार, म्हणून आजच. ठोका बाहेर पडणाऱ्याचाच धरतात, तेव्हा टोकापर्यंत जाऊन परत यायला हवं. चाँदभाईंना सांगितलं. ते दगडावर जाऊन बसले. पाठ करून. बाई त्यांच्या शेजारी उभ्या आहेत.

टोकाशी बसून लिहितो आहे. कंदील, वही, घण. भिंतीवर त्याच्या ठोक्यांचा पांढरा डाग पडला आहे, मुठीएवढा. मी त्यावर हात ठेवला. नथू, माझं चुकलं. हे मोठ्याने म्हणालो.

सहा.

तोंडाकडून ठोके. रुळावर. चाँदभाई बाहेर, माझ्याशिवाय आत कुणी नाही, तरी— जड हात. ओझरता हात. एकेक. मी मोजतो आहे. आठ. नऊ. दहा.

अकरावा हलका, चपळ. त्याचा.

थांबलो. लागोपाठ दुसरा आला नाही. नाही आला! सुटला तो. त्याने माझा दिला नाही. बाहेरून बाईंचा हुंदका ऐकला, हजार फुटांवरून, इतका स्पष्ट. आता माझी पाळी. निघतो—

रुळाजवळ. चाँदभाईंची पाठ दिसते, बाईंचं लुगडं, उजेड अजून आहे. घण घातला.

आवाज झाला नाही.

पुन्हा घातला. खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. रूळ हलला. आवाज नाही. माझे कान— नाही, बाहेर बैलाची घंटा ऐकू येते. चाँदभाईंचा श्वाससुद्धा.

"अकरा," चाँदभाई म्हणाले. "कानसाहेब, ठोका द्या."

देतो आहे. दहादा दिला. हाका मारल्या. पुढे पाऊल टाकतो आणि रूळ पुन्हा माझ्यापुढेच असतो, हातभर अंतरावर. बाई चाँदभाईंना म्हणाल्या की आत उजेडच दिसत नाही वं. ते वळले नाहीत. बऱ्याच वेळाने उठले, तसेच पाठमोरे. "एक आत हाय," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. बाई एकदाच मागे—

थांबा, मी इथेच, ऐका, बाई, निदान तुम्ही तरी, मी मारतो आहे, बारावा, ऐका, हा बा